जुनी सीएनजी व्हॅन घेतेय. घाटात चालेल का, आणि पहिल्या वर्षाचा खर्च किती धरू?

आगळवाली_चिपळूण

नमस्कार मंडळी. आमचा घरगुती उद्योग आहे. कोकम आगळ, आमसुलं, फणसपोळी, आंबावडी. मी, जाऊबाई आणि आळीतल्या तिघीजणी. दर गुरुवारी कराड-साताऱ्याच्या दुकानांना माल जातो, आजवर भाड्याच्या टेम्पोने. भाडं परवडेनासं झालंय आणि लग्नसराई आली की टेम्पोवाले भाऊ फोनच उचलत नाहीत. म्हणून स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलंय. चालवणार मीच.

कराडला एक बघून ठेवलीय. एप्रिल 2018 ची, बंद पाठीची कार्गो व्हॅन, पेट्रोल आणि कंपनीने बसवलेला सीएनजी, मीटरवर 92 हजार किमी. मालक 2 लाख 95 हजार म्हणतायत. "ताई, सिंगल हँड गाडी आहे, नुसता गॅस भरा नि पळवा, एक रुपयाचं काम नाही." आमचे हे म्हणतात, हे वाक्य ऐकलं की चहासुद्धा न घेता उठून यायचं.

माल जास्तीत जास्त 30 खोकी, बाटल्यांचा, एक खोकं साधारण 14 किलोचं. दर आठवड्याला कुंभार्ली घाट चढायचा. अशा गाडीत काय काय बिघडतं, किती लागतात, आणि बघायला जाताना मी नेमकं काय बघू? गाडीतलं मला चालवण्यापलीकडे फारसं कळत नाही. आणि माझं लायसन्स साधं मोटारीचं आहे, ते चालेल का?

खारीटोस्ट

ताई, तुमच्या ह्यांना नमस्कार सांगा. माणूस अनुभवी दिसतोय.

मी कराडचा, बेकरीचा माल पोचवतो. पहाटे चारला गाडी भरायची, पाटण-कोयनानगरपर्यंतची दुकानं करायची, आठवड्यातनं दोनदा घाट उतरून तुमच्या चिपळूणला. माझी गाडी तुम्ही बघितलेल्या गाडीच्याच जातकुळीची: सीटखाली इंजिन, जोर मागच्या चाकांना, बाजूला सरकतं दार. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, नाहीतर पुढचे चाळीस प्रतिसाद "त्यापेक्षा अमकी घ्या" यातच जातील. तसंही माझ्या गाडीत जे बिघडलं ते बहुतेक वयानं आणि आधीच्या मालकाच्या हयगयीनं.

नोव्हेंबर 2021 मध्ये 2 लाख 15 हजाराला घेतली तेव्हा 78 हजार किमी झालेली होती. आज 1 लाख 98 हजार. आमची मंडळी गाडीची वही ठेवते, हवा भरणाऱ्या पोराला दिलेल्या दहा रुपयांसकट. त्या वहीतनं उतरवतोय, तेव्हा आकडे माझ्या तोंडचे नाहीत, तिच्या हातचे आहेत.

पहिल्या वर्षी चार टायर 14,400. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगचा सेट 4,700, मजुरी 1,600. बॅटरी 4,300, जुनी देऊन. मागचे ब्रेक शू आणि गळका व्हील सिलिंडर 2,900. सरकत्या दाराचे रोलर 700. प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणाऱ्या दांड्याचे) दोन क्रॉस, म्हणजे सांधे, मजुरीसकट 2,000. इथवरचं सगळं झिजण्यातलं. कुठलीही जुनी गाडी एवढं मागणारच, त्यात रडण्यासारखं काही नाही.

रडायचं ते पुढे आहे. एप्रिल 2022, दुपारचे अडीच. चिपळूणहून परत येतोय, मागे रिकामे ट्रे आणि ओळखीच्या एकाच्या वीस आंब्याच्या पेट्या. पोफळी सोडून घाट चढायला लागलो आणि टेंपरेचरचा काटा निम्म्याच्या वर गेला. म्हटलं ऊन आहे, चढ आहे, चालायचंच. आणखी दोन वळणं गेल्यावर काटा जो घसरला तो पार तळाला. मी मनात हुश्श केलं. गाडी थंड झाली! मग पुढच्या वळणावर बूड भाजायला लागलं. थट्टा नाही, खरोखर सीट तापली होती. तापल्या तव्यावर पाणी टाकल्यावर येतो तसला वास, गाडीचा दम गेला, आणि बंद पडली.

एक ट्रकवाला थांबला. मी सीट उचलून झाकणाला हात घालणार तेवढ्यात ओरडला, "हात लावू नको, तोंड भाजंल!" पाऊण तास तसाच बसलो. नंतर टोचन करून कराडला आणली, त्याचे 3,500.

मिस्त्रीने काटा का घसरला ते सांगितलं. सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर खरं बोलतो. पाणी संपलं की तो कोरडा लटकतो आणि काटा खाली येतो. म्हणजे ज्या क्षणी मी हुश्श केलं, त्याच क्षणी इंजिनात पाण्याचा थेंब नव्हता. आपल्या गाडीत रेडिएटर पुढे, इंजिन सीटखाली, मधे फरशीखालून लांब पाइप. त्यातला एक रबरी पाइप क्लिपेपाशी चिरला होता. आधीच्या मालकाने कूलंट न घालता नुसतं नळाचं पाणी ओतलेलं. रेडिएटर उघडला तर आत गाळ, गंजाचा, लाल मातीसारखा.

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकलेलं आणि त्याखालची गॅसकेट उडालेली. वहीतलं पान असं: हेड फेसिंग 1,200, गॅसकेट सेट 2,600, मजुरी 5,000, नवा रेडिएटर 4,200, पाइप 850, थर्मोस्टॅट 750, कूलंट 750, ऑइल-फिल्टर 1,500. झाले 16,850. टोचन धरून 20,350. आणि मूळ दुखणं 850 च्या पाइपाचं! गाडी सहा दिवस उभी होती, त्यात कोयनानगरच्या दोन दुकानदारांनी दुसऱ्या बेकरीचा माल लावला तो वेगळाच. त्यातला एक अजून परत आलेला नाही.

पहिल्या वर्षाची बेरीज 50,950. नाव बदलणं आणि विमा धरलेला नाही. म्हणजे गाडीच्या किमतीचा जवळजवळ पाव हिस्सा. दुसऱ्या वर्षी 17,300 वर भागलं. तिसऱ्या वर्षी परत टायर आले, सेल्फ आला, टाकीतला पेट्रोल पंप जळला, पुढचे शॉकअप गेले, तेव्हा 36 हजारांवर गेलं. आजच्या दरात सगळ्यावर दहा-पंधरा टक्के चढवून धरा.

पेट्रोल पंप जळला तो माझ्याच कंजूषपणानं. गॅसवर चालतेय म्हणून टाकीत पेट्रोल कायम तळाला. तो पंप पेट्रोलात बुडालेला असतो, पेट्रोलनंच थंड राहतो. तेव्हापासून पाव टाकी कायम ठेवतो. घाटही पेट्रोलवरच चढवतो. गॅसवर दम कमी पडतो, उगाच पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कोकलत राहतं. घाट संपून हेळवाक आलं की परत गॅस.

बघायला जाल तेव्हा सकाळी जा, न सांगता जा. सीट उचलायला लावा आणि इंजिनाच्या कव्हरवर हात ठेवा. कोमट लागलं तर मालकाने तुमच्या आधी उठून गाडी सुरू केलीय. का केलीय, ते त्याला ठाऊक. इंजिन गार असतानाच ऑइलचं झाकण काढून उलटं करून बघा. आतून काळपट तेलकट असेल तर ठीक. ताकाच्या वरच्या फेसासारखं पांढरट-पिवळट काही दिसलं तर पाणी ऑइलमध्ये शिरत असणार. मिस्त्रीला दाखवल्याशिवाय एक शब्द बोलू नका. मग रेडिएटरचं झाकण, तेही गार असतानाच. आत हिरवं किंवा लाल स्वच्छ कूलंट हवं. चहाच्या रंगाचं पाणी असेल तर किमतीतनं वीस हजार कमी करूनच बोलणी सुरू करा.

मग रिव्हर्स टाकून क्लच सोडा. खालून "कट्" असा एकच आवाज आला तर क्रॉस गेलेत. तो खर्च किरकोळ. पण पन्नासच्या पुढे मागून "हूंऽऽ" असा सूर लागत असेल आणि पाय काढल्यावर सूर बदलत असेल, तर ते डिफरन्शियल, मागच्या चाकांमधला गिअरचा डबा. ते किरकोळ नाही.

स्पॅनर_बारातेरा

सांगलीला गॅरेज आहे, 19 वर्षं. वरचा प्रतिसाद चांगला आहे. थोडी भर.

16,850 मध्ये हेडचं काम म्हणजे स्वस्तात सुटलात. गाडी आणखी एक किलोमीटर रेटली असती तर पिस्टन-रिंगपर्यंत गेलं असतं. हाफ इंजिन काढलं, म्हणजे पिस्टन-रिंगचं काम निघालं, की आज 30 हजाराच्या आत येत नाही, पार्ट कुठले टाकता त्यावर आणखी वर.

मीटरवर विश्वास ठेवू नका. सात वर्षं मालवाहतुकीत असलेली गाडी 92 हजार? चालली नसेल असं नाही, पण पुरावा मागा. सर्व्हिसची बिलं मागा, त्यावर किलोमीटर लिहिलेले असतात. बिलं नसतील तर क्लच पेडलचं रबर बघा, गिअरच्या दांड्याची मूठ बघा, ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागऱ्या बघा. दार उचलून बघितल्यावर खालीवर हललं तर ते 92 हजारांचं दार नाही.

चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. मीटरमध्ये पिवळा इंजिनचा दिवा लागलाच पाहिजे. सुरू केल्यावर विझला पाहिजे. चावीवर लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. दिवा काढला की दोष दिसत नाही, एवढं साधं गणित. स्कॅनर लावायला कोणीही 300-500 घेईल, ते द्या.

कोकणात गाडी राहणार म्हणून सांगतो, खालून बघा. पायाखालचं रबर उचला, सरकत्या दाराची खालची पट्टी, मागच्या चाकाच्या कमानीची आतली बाजू. बोटाने दाबा. पत्रा कुरकुरला तर आत कुजलाय, वरून पुट्टी-रंग मारून चकाचक केलेली असते. इंजिन दुरुस्त होतं, सडलेला पत्रा कितीही शिवला तरी दोन पावसाळ्यांत परत येतो. घेतल्यावर गंजरोधक कोटिंग करा आणि पावसाळा संपला की खालून धुवून घ्या.

गॅसची गाडी आहे, टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट नीट करून घेणं, टाळू नका. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्हच्या सीट झिजतात. सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतोय, आयडलिंगला थरथरतेय, अॅव्हरेज पडलंय, की लोक प्लग बदलत बसतात, दुखणं टॅपेटचं असतं.

आणि तुमची 30 खोकी म्हणजे 420 किलो. आरसीवर रिकामं वजन आणि एकूण वजन दोन्ही छापलेलं असतं. वजाबाकी करा, त्यातून स्वतःचं वजन काढा. राहील तेवढाच माल. गॅसच्या टाकीनं आधीच वजन खाल्लेलं असतं हे लोक विसरतात.

खारीटोस्ट

@स्पॅनर_बारातेरा, दाराच्या बिजागरीचं मला आजच कळलं. आत्ता खाली जाऊन माझं दार उचलून बघितलं. हलतंय. 😀

आरटीओग्रस्त

यांत्रिक भागात मी ढ आहे, पण कागदांनी मला एवढं पिळलंय की त्यावर बोलायचा हक्क कमावलाय. मी घेतलेल्या टेम्पोवर आधीच्या मालकाचं फेडलेलं कर्ज होतं. फेडलेलं, पण आरसीवरचा बोजा उतरवलेला नव्हता. चार महिने गेले.

तेव्हा आरसीवर बँकेचं किंवा फायनान्सवाल्याचं नाव आहे का ते आधी बघा. असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणि त्यांचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30. कराडची (एमएच-50) गाडी रत्नागिरी जिल्ह्यात (एमएच-08) नेताय, राज्य एकच असल्यामुळे नंबर तोच राहील. आधीच्या मालकावरचे ई-चलन व्यवहाराआधी त्यालाच भरायला लावा. विम्याची पॉलिसीही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला टाका, हे हटकून राहतं.

पासिंगचं, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीचं, असं आहे की मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तुमची एप्रिल 2018 ची, म्हणजे एप्रिल 2026 नंतर वर्षाला एकदा. पासिंगची फी फार नसते. पण गाडी उभी करायच्या आधी रेडियमच्या पट्ट्या, दिवे, हॉर्न, ब्रेक, किरकोळ डेंटिंग हे सगळं करताना चार-पाच हजार कसे जातात कळत नाही.

सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) लागते. टाकीजवळ धातूची पाटी असते, तिच्यावर तारीख बघा. 2018 ची गाडी, म्हणजे 2021 आणि 2024 अशा दोन टेस्ट झालेल्या असायला हव्यात. टेस्टची मुदत संपलेली असेल तर पंपावर गॅस नाकारू शकतात, आणि नाकारलाच पाहिजे.

गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची आहे, तेव्हा नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का तेही बघून घ्या.

लायसन्सचं टेन्शन घेऊ नका. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही (हलक्या मोटारीचं) लायसन्स पुरतं, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये तेच कायम केलं. आणि एकूण वजन 3,000 किलोच्या आत असल्यामुळे परमिटही लागत नाही.

आगळवाली_चिपळूण

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन आले, वृत्तांत देते.

शनिवारी रात्री कराडला मावशीकडे मुक्काम केला आणि रविवारी सकाळी सव्वासहाला मालकांच्या दारात. ते बनियनवर दात घासत बाहेर आले. सीट उचलायला सांगितली तेव्हा बघत राहिले. कव्हर गारढोण! ऑइलचं झाकण आतून काळं, ताक-बिक काही नाही. रेडिएटरचं पाणी मात्र अगदी चहा, तोही उकळून उकळून काढलेला. मालक म्हणाले, "आमच्याकडे पाणी चांगलं आहे." मी काही बोलले नाही.

रिव्हर्सला "कट्" आला. इतका स्पष्ट, की मावशीचा मुलगा बाहेर उभा होता त्यालाही ऐकू आला. पन्नासच्या पुढे मागून सूर नव्हता. दोनदा नेली, काचा बंद करून. चावीवर पिवळा दिवा लागला आणि विझला. पत्रा मी बोटाने सगळीकडे दाबला. सरकत्या दाराखाली वीतभर जागा कुरकुरते, बाकी घट्ट. ड्रायव्हरचं दार हलतं. बिलं मागितल्यावर एकच निघालं, 2022 चं, त्यावर 88 हजार. म्हणजे तीन वर्षांत गाडी फक्त चार हजार चालली म्हणायची! हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. तेव्हा ते म्हणाले की मधे मीटर बंद होता.

टाकीवरची पाटी 2021 ची. 2024 ची टेस्ट झालेलीच नाही.

मी 2 लाख 35 वर बोलले, ते 2 लाख 80 वर. आता 2 लाख 52 वर अडलंय. टाकीची टेस्ट त्यांच्या खर्चाने आणि बोजा उतरवून, हे त्यांनी कबूल केलंय. बोजा होता, @आरटीओग्रस्त, तुम्ही म्हणालात म्हणून उलटून बघितलं. मीटर बंद होता हे कळल्यावर घ्यावी का, हाच प्रश्न आहे. आमचे हे म्हणतात सोड.

स्पॅनर_बारातेरा

मीटर बंद होता म्हणजे खरे किलोमीटर कोणालाच माहीत नाहीत. दीड लाख धरा. दीड लाखाची गाडी म्हणून 2 लाख 52 जास्त आहेत. पण ऑइल स्वच्छ, डिफरन्शियल गप्प, पत्रा वीतभर सोडून घट्ट, हे चांगलं आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चेक करून घ्या, तासाभराचं काम. चारही सिलिंडरचा आकडा जवळपास सारखा आला तर 2 लाख 40 ला घ्या. एक जरी पडला तर ह्यांचं ऐका.

खारीटोस्ट

कॉम्प्रेशनला मी येतो ताई, गाडी कराडमध्येच आहे. माझा मिस्त्री रविवारी अकरापर्यंत असतो. व्यवहार झाला तर त्याच दिवशी पाइप, थर्मोस्टॅट आणि कूलंट बदलूनच घाट उतरा, रेडिएटर आतून धुवून. क्रॉस पुढच्या महिन्यात केले तरी चालतील, पाणी नाही थांबणार.

आगळवाली_चिपळूण

आकडे चारही जवळपास सारखे आले. 2 लाख 43 हजारांना ठरली. तीन हजार शेवटी मावशीच्या चहावर सुटले असं समजते.

पाइप, क्लिपा, थर्मोस्टॅट, कूलंट, रेडिएटर धुणं मिळून 3,650 झाले, आणि मिस्त्रींनी जुना पाइप कापून दाखवला. क्लिपेखाली नख शिरेल एवढी चीर होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. टेस्ट होऊन पाटी बसेपर्यंत गॅस भरायचा नाही, म्हणून घाट पेट्रोलवरच दुसऱ्या गिअरमध्ये उतरले. येताना काट्याकडे इतकं बघत होते की आमचे हे म्हणाले, रस्त्याकडेही बघ.

वही घेतलीय. @खारीटोस्ट, पुढल्या गुरुवारी माल घेऊन वर येतेय. हेळवाकला किती वाजता असता?